दारं लावणारा शिकारी

मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक उचलली ती वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, शनिवारी दुपारी चार वाजता, लेकीच्या खोलीतल्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसून. बंदूक पडद्यावरची होती. हात मात्र खरे होते, आणि तीस वर्षं लिफ्टच्या यंत्रांत वावरलेले ते हात कीबोर्डवर असे पसरले होते की लेकीला हसू आवरेना.

"बाबा, बोटं ठेवायची असतात. पंजा नाही."

"ते राहू दे. पुढे कसं जायचं ते सांग."

लेक इमारतींचे नकाशे काढायची. त्यासाठी तिने दणकट कॉम्प्युटर घेतला होता, म्हणून हा खेळ त्यावर चालला. नाहीतर घरात दुसरं यंत्र म्हणजे इस्त्री. वडिलांनी आठवडाभर आडून आडून चौकशी केली होती की तो अमुक खेळ कसा असतो, कुठे मिळतो, या वयात जमतो का. का खेळायचा, याचा मात्र थांगपत्ता लागू दिला नव्हता. शेवटी तिनेच तो कॉम्प्युटरवर घातला आणि वडिलांना शेजारी बसवून समजावला.

"दोघादोघांच्या सहा जोड्या एका दलदलीत उतरतात. तिथे कुठेतरी एक राक्षस दडलेला असतो. खुणा शोधत त्याच्यापर्यंत जायचं, त्याला मारायचं आणि त्याचं मुंडकं घेऊन कडेला होडी असते तिथे पोचायचं. होडीत बसलात की सुटलात."

"एवढंच?"

"बाकीच्या पाच जोड्यांनाही तेच मुंडकं हवं असतं. तुम्ही ते काढलंत की सगळ्यांना नकाशावर दिसतं, कुणाकडे आहे ते."

"आणि मेलो तर?"

"तो शिकारी गेला. त्याच्या अंगावरचं सगळं गेलं. नवीन माणूस घ्यायचा, पहिल्यापासून सुरू. नवख्यांना थोडे दिवस सूट असते, मग नाही."

"परत मिळत नाही? खेळच आहे ना हा?"

"परत मिळत नाही म्हणूनच लोक खेळतात," लेक म्हणाली. मग तिने विचारलं, "नाव काय टाकू तुमचं?"

"काहीही टाक. माझं नको."

ती बापाचीच मुलगी. तिने 'काहीही' असंच टाकलं आणि आपल्या नकाशांचे कागद उचलून बाहेरच्या टेबलाशी गेली.

आता या गृहस्थांना हे खूळ कुठून लागलं, ते सांगायला सात महिने मागे जावं लागेल.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. मोठमोठ्या इमारतींचं कंत्राट असलेल्या एका कंपनीत ते तीस वर्षं होते, आणि त्यातली बावीस वर्षं त्यांचा जोडीदार एकच होता. सव्वासहा फूट उंची असल्यामुळे त्याला सगळे टॉवर म्हणत. पगाराची चिठ्ठी वाटणारा कारकूनसुद्धा "टॉवर, सही करा" म्हणायचा. मिस्त्री ठेंगणे, टॉवर लांबलचक. दोघं पेटी घेऊन इमारतीत शिरले की पहारेकरी आधी हसायचा आणि मग किल्ल्या द्यायचा.

या कामात एक रीत आहे. एक जण लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करतो, दुसरा सगळ्यात वर, मशीनच्या खोलीत असतो. टपावर पाय ठेवायच्या आधी खालच्याने ओरडून विचारायचं, "बंद?" वरच्याने मुख्य बटण खाली ओढायचं, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकायची आणि मगच उत्तर द्यायचं, "बंद." 'हो' नाही, 'झालं' नाही, 'चल' नाही. तो एकच शब्द. तो ऐकू येईपर्यंत खालचा माणूस जागचा हलत नाही, आणि ऐकू आला की डोळे मिटून पुढे जातो. बावीस वर्षांत टॉवरने हजारो वेळा विचारलं होतं आणि मिस्त्रींनी हजारो वेळा उत्तर दिलं होतं.

त्या दिवशीही टॉवरने विचारलं. मिस्त्री खिशात कुलूप चाचपत होते, उजवा हात अजून बटणापर्यंत पोचायचा होता, आणि तोंड मात्र सवयीने पुढे धावलं. "बंद," ते म्हणाले. त्याच क्षणी चौथ्या मजल्यावर कुणीतरी लिफ्ट बोलावली. लिफ्ट जेमतेम चार फूट सरकली असेल. तेवढ्यात टॉवरचा डावा पाय टप आणि भिंत यांच्यामध्ये सापडला.

जीव वाचला. पायात सळ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी तपास करणारा साहेब वही घेऊन दवाखान्यात आला, तेव्हा मिस्त्री पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. साहेबाने विचारलं, काय झालं. टॉवर छताकडे बघत म्हणाला, "मी विचारलंच नाही. तसाच चढलो." साहेबाने मान वळवून मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री मूग गिळून उभे राहिले. साहेबाने वही मिटली.

न विचारता चढण्याची शिक्षा म्हणजे परवाना दोन वर्षं स्थगित आणि नावापुढे कायमचा शेरा. न करता 'बंद' म्हणण्याची शिक्षा म्हणजे परवाना जन्मभरासाठी रद्द. हा फरक दोघांनाही ठाऊक होता. मिस्त्रींच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती.

पुढे टॉवर काठी घेऊन चालू लागला. कंपनीत नव्या लोकांना शिकवायची एक खोली होती आणि तिला शिकवणारा माणूस हवा होता. बसून करायचं काम, टॉवरला अगदी मापाचं. पण इंजिनिअर मॅडमनी मिस्त्रींना सरळ सांगितलं, "त्यांच्यासारखा माणूस मला उद्या हवाय. पण न विचारता चढला असा शेरा असलेल्या माणसाला मी सुरक्षेचे धडे कसे द्यायला लावू?" मिस्त्रींनी "बरोबर आहे" असं म्हटलं. या दोन शब्दांची त्यांना नंतर जितकी लाज वाटली तितकी दुसऱ्या कशाचीच वाटली नाही.

टॉवर त्यांच्याशी बोलायचा थांबला. फोन उचलायचा नाही. मिस्त्री त्याच्या घरी गेले की वहिनी दार अर्धं उघडून "झोपलेत" म्हणायच्या. आतून गोळीबाराचे आवाज येत असायचे. झोपलेला माणूस इतका गोळीबार करत नाही, हे दोघांनाही कळत होतं. चौथ्या वेळी वहिनी दार ओढून घेऊन जिन्यात आल्या.

"भाऊजी, खरं सांगू का? रोज चारपासून सातपर्यंत तो खेळ. घरात एक शब्द बोलत नाहीत, पण कानाला ते लावलं की तिथल्या माणसांशी भरभरून बोलतात. आम्ही दाराबाहेर उभं राहून ऐकतो."

"कुठला खेळ?"

वहिनींनी खेळाचं नाव सांगितलं. टॉवरचं तिथलं नावही त्यांनी पडद्यावर वाचलं होतं: दीडपाय. ते सांगताना त्यांना हसू आलं आणि लगेच त्यांनी पदराने डोळे टिपले.

मिस्त्रींनी तिथेच ठरवलं की आपण त्या दलदलीत उतरायचं. तिथे त्याला गाठायचं आणि माफी मागायची. दोघांतल्या दोघांत, तिसऱ्या कानाला कळू न देता. बेत तसा सोयीचा होता.

तर पहिल्या शनिवारी मिस्त्री दलदलीत उतरले आणि चाळीस सेकंदांत मेले. दुसऱ्यांदा दोन मिनिटं टिकले. तिसऱ्यांदा त्यांनी एक पडकं गोदाम गाठलं. आत अंधार होता. तीस वर्षांची सवय अशी की अंधारात शिरलं की आधी दिवा लावायचा, मग हात घालायचा. भिंतीवर कंदील होता, तो त्यांनी लावला. गोदामाच्या सगळ्या फटींतून उजेड बाहेर पडला आणि पाचही जोड्यांना आमंत्रण गेलं. मिस्त्रींना कुठून गोळी लागली तेसुद्धा कळलं नाही.

मग ते वहीत लिहू लागले. कंपनीत नवं यंत्र आलं की ते असंच करायचे: वही, पेन्सिल, आणि दर चुकीला एक ओळ. पळायचं नाही, चालायचं. पाण्यातून गेलं की दूरवर ऐकू जातं. कावळ्यांच्या थव्याजवळ गेलं की ते उडतात आणि आपली जागा सांगतात. बारीकसारीक भुतांवर गोळी घालवायची नाही, कोयता वापरायचा. काही मिळालं नाही तरी जिवंत होडीपर्यंत जाता येतं आणि त्यात कमीपणा नाही. ही शेवटची ओळ त्यांना बरीच उशिरा सुचली आणि त्यांनी ती दोनदा अधोरेखित केली.

एका गोष्टीत मात्र म्हातारा पुढे निघाला. लिफ्टवाल्याचा कान. यंत्र कुठे घासतंय, कुठला दात झिजलाय, हे त्यांना बंद दाराबाहेरून कळायचं. इथेही दोन दिवसांत त्यांना पत्र्यावरचं पाऊल, फळीवरचं पाऊल आणि चिखलातलं पाऊल वेगवेगळं ओळखू येऊ लागलं. लेक मागे उभी राहून बघायची.

"बाबा, तुम्ही डोळे मिटून खेळताय."

"दिसतंय कुठे काय त्यात? सगळा काळोख."

दहा दिवसांनी नवख्यांची सूट संपली. आता मेलं की गेलं. त्या दिवशी, संध्याकाळचे पाच वाजत असताना, मिस्त्रींनी दीडपायला निरोप धाडला: जोडीला घेणार का. उत्तर आलं: माईक आहे का? मिस्त्रींकडे माईक होता. पण आपला आवाज ऐकला की तो खेळच बंद करून टाकेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी एका बोटाने टाइप केलं, "नाही." मग आणखी टाइप केलं, "नवीन आहे."

"चालेल," उत्तर आलं. "निदान वटवट करणार नाहीस."

आणि मग कानात टॉवरचा आवाज आला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "हां, काहीही, ऐकू येतंय ना? येत असेल तर खाली वाक." मिस्त्रींच्या शिकाऱ्याने खाली वाकून दाखवलं. इकडे खुर्चीत मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला.

रोज कामावरून आल्यावर हात धुवायचे, चहा टेबलावर घ्यायचा आणि खेळायला बसायचं, असा क्रम सुरू झाला. बुधवारी पाळी उशिरा संपे तेव्हा ते बसमधून उतरून चक्क पळत यायचे. टॉवर बोलायचा आणि 'काहीही' ऐकायचा. टॉवर शिकवायचाही झकास. "घाई करू नकोस. इथे घाईचा माणूस आधी जातो." "आधी बाहेर पडायची वाट बघून ठेव, मग आत शीर." "मी पडलो तर हिरोगिरी नको. आधी ऐक, आजूबाजूला कोण आहे." मिस्त्रींना वाटायचं, हा माणूस त्या शिकवण्याच्या खोलीत असायला हवा होता. मग आठवायचं, तो तिथे का नाही. मग त्या दिवशीचा खेळ बिघडायचा.

टॉवरकडे एक जुना शिकारी होता. तब्बल एकेचाळीस शिकारींतून तो जिवंत परतला होता. बाकीचे शिकारी तो भाजीसारखे निवडायचा आणि टाकायचा, पण याला जपायचा. चांगला जोडीदार असेल तरच बाहेर काढायचा. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी टॉवर म्हणाला, "काहीही, आज म्हाताऱ्याला आणलाय. सांभाळ."

मिस्त्रींनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी मान हलवली. मान हललेली तिकडे दिसत नाही हे नंतर लक्षात आलं, तेव्हा शिकाऱ्याला खाली वाकवलं.

खरं तर माफी मागायला एकवीस दिवस मिळाले होते. माईक हेडफोनलाच होता. दांडी खाली ओढायची की झालं. रोज बसताना मिस्त्री ठरवायचे, आज बोलायचं. रोज टॉवर काहीतरी हसून सांगायचा, आणि हे हसणं आपल्या एका शब्दाने बंद पडेल या भीतीने दांडी वरच राहायची. दवाखान्यात पलंगाच्या पायथ्याशी उभे होते तसेच ते इथेही उभे होते. फरक एवढाच की इथे हातात बंदूक होती.

त्या दिवशी शिकार नामी झाली. राक्षस एका जुन्या पवनचक्कीच्या तळघरात सापडला. टॉवरने त्याला झुलवला, मिस्त्रींनी मागून जाऊन घाव घातले, आणि मुंडकं टॉवरच्या पाठीवर आलं. आता नकाशावर त्यांची जागा सगळ्यांना दिसत होती. तळघरातून वर यायला एकच शिडी होती. टॉवर शिडीपाशी गेला.

मिस्त्रींनी ऐकलं. वर, शिडीच्या तोंडाच्या बरोबर डावीकडे, एक फळी किंचित दबली. पाऊल नव्हतं, उभ्या माणसाने पायावरचा भार बदलला होता. टॉवरला ते ऐकू आलं नव्हतं, कारण तो "होडी उत्तरेला आहे, दोन मिनिटांत पोचू" असं काहीतरी बोलत होता. मिस्त्रींनी बोटाने खूण केली. पडद्यावर छोटा पिवळा ठिपका उमटला. टॉवरची पाठ होती. ठिपका त्याला दिसला नाही. त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मिस्त्रींनी दांडी खाली ओढली आणि बटण दाबलं.

"थांब. वर माणूस आहे."

टॉवर थांबला. पाय पायरीवर तसाच. आणि मग वरून, फळीच्या बाजूने, एका तिसऱ्याच माणसाचा आवाज आला.

"हो, आहे."

बोलायची बटणं दोन असतात. एकाने फक्त जोडीदाराला ऐकू जातं, दुसऱ्याने आसपासच्या सगळ्यांना. मिस्त्री कधी बोललेच नव्हते, त्यामुळे हा धडा वहीत नव्हता. वरच्याला दोघं नेमके कुठे आहेत ते कळलं, त्याने सुरुंगाची कांडी पेटवून खाली सोडली, आणि एकेचाळीस शिकारींचा म्हातारा, त्याच्या पाठीवरचं मुंडकं आणि 'काहीही', तिघंही एका धडाक्यात गेले.

पडदा काळा झाला. मेलेल्या जोडीला तिथे थोडा वेळ बसता येतं आणि एकमेकांशी बोलता येतं. मिस्त्रींना वाटलं आता कानातला आवाज तुटेल. तुटला नाही. टॉवर श्वास घेत होता ते ऐकू येत होतं.

"तुझा म्हातारा गेला," मिस्त्री म्हणाले.

"गेला."

"माझ्यामुळे गेला."

"बटण चुकलास. नवखे चुकतात." मग टॉवर म्हणाला, "उघडलंस एकदाचं तोंड."

मिस्त्रींना कळायला वेळ लागला. "तुला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी. अरे, तू दारं लावत होतास."

"कसली दारं?"

"सगळी. गोदामाचं, चर्चचं, खुराड्याचंसुद्धा. या दलदलीत दार उघडलं की लोक तसंच टाकून पुढे पळतात. लावलेलं दार दिसलं की शत्रूला कळतं, इथून कुणीतरी गेलंय. तुझ्यामागे दोनदा माणसं आली ती त्यामुळेच. मी म्हटलं, दार उघडं टाकून मजल्यावरून हलत नाही असा जगात एकच माणूस आहे, आणि त्याला मी बावीस वर्षं ओळखतो."

लिफ्टचं दार उघडं राहिलं तर आत कुणीतरी पडतं. मिस्त्री घरी कपाटसुद्धा उघडं ठेवत नसत. दलदलीत आपण दारं लावतोय हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मग बोलला का नाहीस?"

"मी रोज बोलत होतो," टॉवर म्हणाला. "तूच बोलत नव्हतास."

आता मागे फिरायला जागा नव्हती. मिस्त्रींनी आठ महिने घोकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं: हात बटणावर नव्हता, कुलूप खिशात होतं, तोंडातून शब्द निघून गेला, तू खोटं बोललास तेव्हा मी पुढे व्हायला हवं होतं, मी घाबरलो, परवान्याला घाबरलो, मला माफ कर. बोलताना आवाज फाटला तरी ते थांबले नाहीत. बाहेरच्या टेबलाशी लेकीचा कागदांवर चाललेला हात थांबला होता.

टॉवरने सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही, विरघळलाही नाही.

"हे मला कशाला सांगतोस, मिस्त्री? मी तर लिफ्टच्या टपावरच होतो."

"मग कुणाला सांगू?"

"तेही मीच सांगायचं का?" टॉवर म्हणाला, आणि तो निघून गेला. त्याच्या नावासमोरचा हिरवा ठिपका विझला.

मिस्त्री काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. लेक दारात आली. आत्तापर्यंत ती हसत आली होती. आज हसली नाही. तिने विचारलं, "बाबा, हे खरं आहे?" त्यांनी मान डोलावली. ती त्यांचा गार झालेला चहा घेऊन गेली आणि दुसरा करून आणला. कप ठेवताना तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, पेटी न उचलता, मिस्त्री इंजिनिअर मॅडमच्या खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. मॅडम त्यांच्यापेक्षा वीसएक वर्षांनी लहान. टेबलावर लिफ्टच्या दाराचा सुटा केलेला भाग पडला होता आणि त्यावरचं वंगण त्यांच्या बाहीला लागलं होतं.

"बोला मिस्त्री. पेटी कुठेय?"

"मॅडम, आठ महिन्यांपूर्वीच्या अपघाताची नोंद खोटी आहे. त्याने विचारलं होतं. मी बंद म्हणालो. बंद केलेलं नव्हतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बसा."

"उभाच बरा आहे."

"तुम्हाला याचा अर्थ माहीत आहे ना?"

"नव्या लोकांना मीच सांगतो तो अर्थ. दरवर्षी."

मॅडमनी कपाटातून त्या अपघाताची फाइल काढून चाळली. मग म्हणाल्या, "तुमचं एकट्याचं म्हणणं पुरणार नाही. त्यांनी स्वतः सही करून उलटं सांगितलंय." त्यांनी फोन उचलला, नंबर लावला आणि आवाज खोलीभर ऐकू येईल असा करून फोन टेबलावर ठेवला. मिस्त्रींच्या मनात आलं, तो उचलणार नाही. तीनच घंटा झाल्या.

मॅडमनी कोण बोलतंय ते सांगितलं, मिस्त्रींनी काय सांगितलं तेही सांगितलं आणि विचारलं, "यातलं खरं काय?"

"तो म्हणतोय ते," टॉवरचा आवाज आला. "मी विचारलं होतं. त्याचं उत्तर ऐकूनच पाय टाकला."

"मग जबाबात खोटं का सांगितलंत?"

"पाय माझा गेलाच होता. म्हटलं, दोघांतला एक तरी कामावर राहू दे."

"आठ महिने तुमच्यावर तो शेरा आहे. तुम्ही एकदाही आला नाहीत. कशासाठी थांबलात?"

फोनमध्ये काठी कुठेतरी टेकवल्याचा आवाज झाला.

"त्याने सांगायची वाट बघत होतो, मॅडम. मी सांगितलं असतं तर मला नोकरी मिळाली असती. जोडीदार नसता मिळाला."

मॅडमनी खिडकीकडे बघितलं आणि घसा साफ केला. खोट्या जबाबाचं उत्तर द्यावं लागेल, त्या म्हणाल्या, पण शेरा निघेल. शिकवायच्या खोलीचं सोमवारी येऊन बोला. मिस्त्रींनी खिशातून परवान्याचं कार्ड काढलं. त्यावरच्या फोटोत त्यांच्या डोक्यावर दाट केस होते. कार्ड त्यांनी टेबलावर ठेवलं आणि बोटाने मॅडमकडे सरकवलं.

"मिस्त्री अजून तिथेच आहे का?" फोनमधून विचारणा झाली.

"आहेत. समोरच उभे आहेत."

"त्याला म्हणावं, संध्याकाळी ये. खेळायला नाही. घरी ये."

मिस्त्री फोनवर वाकले. "येतो," ते म्हणाले, आणि मॅडमच्या देखत रडले.